शुद्धतेचे वीस गुण

(कॅनडात ब्रॅम्पटनमधल्या एका समाजकेंद्राची वरच्या मजल्यावरची खोली. फेब्रुवारी २०११, शनिवार सकाळ. दवाखान्यात दुभाषी म्हणून काम मिळवू पाहणाऱ्यांची तोंडी परीक्षा.)

मृणालिनी : ‘ट्रॅफिक’ गेलं, ‘पार्किंग’ गेलं, आणि दारातून आत येताना ‘सॉरी’ म्हणालात ते. तीन गुण गेले, नीरजा.

नीरजा : दारातला पण मोजला, मॅडम? तेव्हा तर परीक्षा सुरू पण नव्हती झाली.

मृणालिनी : मॅडम. चार.

शीला : आवं बाई, पोरीला बसू तर द्या. कोट अजून अंगात हाय तिच्या.

मृणालिनी : जगदाळेबाई, तुम्ही रुग्ण आहात. रुग्णानं परीक्षेत मत द्यायचं नसतं.

शीला : मी कसली रुग्न. सून म्हनली, आई, तितं नाटकातल्यावानी पेशंट व्हायचं, कागद वाचायचा, चहा-समोसा मिळतो. चहा झाला. समोसा काय दिसंना.

मृणालिनी : समोसा परीक्षेनंतर. आता नियम सांगते, नीट ऐका. मी डॉक्टर होऊन इंग्रजीत बोलेन. जगदाळेबाई रुग्ण होऊन कागदावरचं मराठीत बोलतील. मधे तुम्ही, दोन्ही भाषांत. अर्थाचे साठ गुण, रुग्णाशी वागण्याचे वीस, मराठीच्या शुद्धतेचे वीस. मराठीत एक इंग्रजी शब्द आला की एक गुण कमी. सत्तर मिळाले की उत्तीर्ण.

नीरजा : माहीत आहे. मागच्या वेळेस मला अडुसष्ट होते.

मृणालिनी : दोन गुणांनी गेलात.

नीरजा : फोन आणि फोन. एकच शब्द दोनदा आला तर दोनदा कापला तुम्ही.

मृणालिनी : ‘दूरध्वनी’ तुम्हाला येत होता.

नीरजा : मला येत होता. पण जे काका रुग्ण होऊन बसले होते ना, ते मलाच विचारून राहिले होते की दूरध्वनी हे कोणत्या देवाचं नाव आहे म्हणून.

शीला : मग, पोरी, एवढा जीव कशापायी काढतीस? दुसरं काम न्हाई का?

नीरजा : आहे ना, काकू. गोदामात खोकी बांधते. दुपारी तीनची पाळी. घरी येते तेव्हा माझी केया झोपून गेलेली असते. सहा वर्षांची आहे. कामावरच्या मधल्या सुट्टीत माझा नवरा, नंदन, फोनवर तिच्याशी बोलणं करून देतो. परवा तिचा दात पडला, तर ती मला तो फोनवर दाखवून राहिली. ‘आई, सी, सी’ करून. मला दिसत नाही हे तिला कळतच नाही. मी म्हटलं, हो गं, किती पांढरा आहे.

शीला : आगं बाई.

नीरजा : हे पास झालं तर सकाळचं काम मिळते. तीन वाजता मी शाळेच्या दारात उभी राहू शकते. बस, एवढंच पाहिजे मला. आता यात जे इंग्रजी आलं असेल ते कापून घ्या, बाई.

मृणालिनी : हे परीक्षेत धरत नाही.

शीला : ‘सॉरी’ बरं धरलं.

मृणालिनी : जगदाळेबाई.

शीला : बसले गप. पर एक सांगते आन मग गप बसते. त्या शेजारच्या खोलीत नेपाळी भाषेची परीक्षा चाललीय बघा. तितली पेशंट बाई मघाशी चहाला माझ्याशेजारी होती. माझ्याच वयाची. तिला माझं मराठी कळंना, मला तिचं नेपाळी कळंना. हिंदी दोघींचंबी तसलंच. पर अर्ध्या कपात मला तिचं सगळं घर कळलं. शुगर तीनशे. बस लेट. हीटर बंद. लँडलॉर्ड फोन उचलत न्हाई. नातू तीन, त्यातला एक हॉकी खेळतो आन आजीशी बोलत न्हाई.

मृणालिनी : यातला जवळजवळ प्रत्येक शब्द इंग्रजी होता, हे तुमच्या लक्षात आलं का?

शीला : म्हनून तर कळलं की. तिचे परीक्षा घेनारे सरबी तुमच्याचसारखे हायत म्हनं. पोरगं ‘हस्पिटल’ म्हनलं की सर पेन उचलतात. ती म्हनली, सरांच्या तोंडचं नेपाळी काठमांडूच्या रेडिओवानी हाय, आपल्याला काय झेपत न्हाई. मग ती नुसती ‘हुन्छ, हुन्छ’ म्हनून मान हालवती. हुन्छ म्हंजे आपलं बरं बरं.

मृणालिनी : ते सर माझ्या ओळखीचे आहेत. अतिशय विद्वान गृहस्थ. आम्ही दोघांनी मिळूनच शुद्धतेचे वीस गुण ठेवायला लावले.

नीरजा : म्हणजे हे तुम्ही ठेवले? मला वाटलं वरून आले.

मृणालिनी : मी ठेवले, आणि मला त्याची लाज वाटत नाही. मी एकोणसत्तर साली इथे आले. मराठी बोलायला एक नवरा होता, आणि तो मुळात कमी बोलणारा. भांडी घासताना मी एकटी मोठ्यानं मराठी बोलायची. वस्तूंची नावं घ्यायची. झारा, उलथणं, पळी, सांडशी. एखादं नाव आठवलं नाही तर जेवण गोड लागायचं नाही. माझ्या राजसला मी एक शब्द चुकीचा बोलू दिला नाही. ‘वॉटर’ मागितलं तर पाणी देत नसे मी.

नीरजा : मग आता छान बोलत असतील ते.

मृणालिनी : बोलत नाही. व्हँकूव्हरला असतो. रविवारी इंग्रजीत बोलतो, छान बोलतो. मराठीत चूक होईल म्हणून भीती वाटते, म्हणतो.

शीला : बाई, चहा सांगू का तुमाला?

मृणालिनी : नको. सुरू करू या. मी डॉक्टर. गुड मॉर्निंग, मिसेस जगदाळे. व्हॉट ब्रिंग्ज यू हिअर टुडे?

शीला : ह्यांचे गुन कापायचे न्हाईत व्हय?

मृणालिनी : मी आत्ता डॉक्टर आहे.

नीरजा : नमस्कार. आज कशासाठी येणं केलं, असं डॉक्टर विचारून राहिले. अरे. डॉक्टर म्हटलं मी.

मृणालिनी : डॉक्टरला सूट आहे. वैद्य म्हटलं तर माणसं काढा मागतात. तो शब्द आता आपला झाला.

शीला : असं कोन ठरवतं?

मृणालिनी : मी.

शीला : मग हॉस्पिटल कधी व्हायचं आपलं?

मृणालिनी : अजून त्याचा अर्ज आलेला नाही. वाचा.

शीला : थांबा, चष्मा... हां. “मला गत सप्ताहापासून मस्तकशूळ असून अधूनमधून भोवळ येते.” बाई, हे कुनी लिवलं?

मृणालिनी : मीच. का?

शीला : न्हाई, चांगलंच हाय. पर मी उभ्या जन्मात मस्तकशूळ म्हनलं न्हाई. मस्तक देवाच्या पायावर ठेवायचं. दुखतं ते डोकं.

नीरजा : डॉक्टर, शी हॅज हॅड अ हेडेक फॉर अ वीक, अँड शी फील्स डिझी समटाइम्स.

मृणालिनी : उत्तम. डू यू लिव्ह इन अ बेसमेंट? इज इट डॅम्प?

नीरजा : तुम्ही तळघरात राहता का? तिथे ओल आहे का?

शीला : तळघरात? मी काय ज्वारीचं पोतं हाय व्हय?

मृणालिनी : कागदावर “होय” लिहिलेलं आहे.

शीला : लिवलं असंल. पर तळघरात आमच्याकडं धान्य असतं, न्हाईतर पाल असती. मी बेसमेंटमदी राहते. खिडकी हाय, गालिचा हाय, टीव्ही हाय. पोरानं ठेवलंय मला तितं, त्याला बोलू नका असं.

नीरजा : काकू, बेसमेंटच म्हणायचं होतं मला.

मृणालिनी : पाच.

नीरजा : हो. घ्या.

मृणालिनी : पुढे. युअर ब्लड प्रेशर वॉज हाय लास्ट टाइम. आर यू टेकिंग युअर मेडिसिन एव्हरी डे?

नीरजा : मागच्या वेळेस तुमचा रक्तदाब वाढलेला होता. औषध नियमित घेता ना?

शीला : हो हो. हो हो.

मृणालिनी : कागदावर एकच “होय” आहे. असो. चालेल. नीरजा, भाषांतर करा.

नीरजा : एक मिनिट, बाई.

मृणालिनी : मिनिट. सहा. भाषांतर करा.

नीरजा : काकू, आता जे ‘हो हो’ केलं ते कागदाचं केलं की तुमचं स्वतःचं?

मृणालिनी : नीरजा. दुभाष्यानं स्वतःच्या मनाचे प्रश्न विचारायचे नसतात. हा नियम माझा नाही, सगळीकडे आहे, आणि योग्य आहे.

नीरजा : माहीत आहे. पण माझी आई नागपूरला अशीच ‘हो हो’ करते. कचेरीतल्या साहेबाला केलं होतं असंच, आणि घरी येऊन मला विचारलं की तो काय म्हणत होता. दोनदा ‘हो’ आलं, ते पण असं खाली बघून, की समजायचं काहीच पोचलं नाही.

मृणालिनी : ही परीक्षा आहे. तुमच्या मातोश्रींचा इथे संबंध नाही. अजून चौदा गुण शिल्लक आहेत, ते सांभाळा.

नीरजा : काकू, तुम्हाला खरंच बीपी आहे का?

मृणालिनी : सात.

शीला : हाय की. दोन वर्षं झाली.

नीरजा : आणि गोळी रोज घेता?

शीला : रोज कशाला? दुखंल तवा घेते.

नीरजा : दुखंल तेव्हा म्हणजे?

शीला : डोकं दुखलं की एक. जास्त दुखलं की दोन. औषध उगाच खाऊ नये, आमच्या सासूबाई म्हनायच्या, पोटात गर्मी होती. मी लई जपून वापरते. तीन महिन्यांची बाटली मला वर्षभर पुरती. उरलेल्या बहिनीला धाडल्या, कराडला.

नीरजा : बहिणीला पण बीपी आहे?

शीला : तिला गुडघा हाय. पर कॅनडाची गोळी म्हनून लई कवतिक झालं. तिनं निम्म्या विहिनीला दिल्या. विहीन म्हनती, गुन आला.

मृणालिनी : जगदाळेबाई, हे तुम्ही गंमत म्हणून सांगताय.

शीला : गंमत कशाला? पोस्टाची पावती हाय घरी.

नीरजा : काकू, आणि ती भोवळ? कागदावरची नाही. खरी येते का?

शीला : आता खोटं कशाला बोलू. मागल्या मंगळवारी बसस्टॉपला खालीच बसले. बर्फात. हात जोडल्यावानी टेकले पुढं. शेजारची पंजाबीन म्हनली, माताजी, पाठ कर रहे हो? मी म्हनलं, हां जी. उठले, बस आली, गेले. सुनेला काय सांगितलं न्हाई. सलोनी बिचारी आधीच दोन नोकऱ्या करती.

नीरजा : तुम्हाला कोणी सांगितलंच नाही का, की गोळी रोज घ्यायची असते?

शीला : सांगितलं की. ह्या बाईंनीच सांगितलं.

मृणालिनी : मी?

शीला : तुमी विसरला असाल. दोन वर्षांमागं, हॉस्पिटलात, मला अ‍ॅडमिट केलं व्हतं तवा. पोरगं कामावर, सून कामावर. डॉक्टर इंग्रजीत बोलत व्हता आन तुमी मराठीत सांगत व्हता. फुकट सेवा करायला येता म्हनले सगळे. निळी साडी व्हती, वरून कोट. मी ओळखलं आज दारातच. पर म्हनलं, आपन कशाला ओळख काढायची, एवढी मोठी बाई.

मृणालिनी : मी दर गुरुवारी जात असे. बारा वर्षं गेले. माणसं खूप असायची, मला चेहरे... पण मी नीट सांगितलं असणार. मी नेहमीच नीट सांगते. “सदर औषधाचं सेवन अखंडित करावं, लक्षणांच्या अभावीही त्यात खंड पडू देऊ नये.” हे मी प्रत्येकाला सांगायची.

शीला : अगदी हेच. असंच म्हनला व्हता. काय ते बोलनं, पोरी, एक अडखळ न्हाई. मला आपल्या गावचं पारायन आठवलं. मी घरी येऊन सुनेला म्हनलं, सलोनी, काय बोलती ती बाई, ऐकतच राहावं.

मृणालिनी : आणि कळलं काय तुम्हाला?

शीला : औषध कळलं. सेवन कळलं, ते पोथीत असतं. पुढचं काय... आता राग मानू नका.

मृणालिनी : मग विचारलं का नाही? मी समोर उभी होते. मी तुम्हाला म्हणाले असेन, समजलं ना?

शीला : म्हनला की. दोनदा म्हनला. मी हो हो म्हनलं.

मृणालिनी : का?

शीला : आवं, एवढी शिकलेली बाई आपल्यासाठी बर्फातनं येती, एवढं गोड बोलती. तिला कसं म्हनायचं की कळलं न्हाई? तुमाला वाईट वाटलं असतं. आन माझीबी अब्रू गेली असती. चौथी शिकलेलं मानूस, मराठीच कळंना म्हनल्यावर काय राहिलं? इंग्रजी कळत न्हाई त्याची मला लाज न्हाई वाटत. ते परक्याचं हाय.

नीरजा : काकू, माझ्याकडे बघा.

मृणालिनी : नीरजा, हे तुम्ही आता जे करणार आहात त्यानं शुद्धतेचे सगळे जातील. आणि नियमभंगही होईल. मी तुम्हाला आधी सांगते आहे.

नीरजा : जाऊ द्या. मे महिन्यात परत परीक्षा देईन मी. काकू, ऐका. ही बीपीची टॅबलेट आहे ना, ही डोकेदुखीची नाही. हिचा डोक्याशी काही संबंध नाही. बीपी वाढलं तरी पुष्कळदा दुखत नाही, कळत नाही. आतल्या आत प्रेशर वाढून राहते. नळाचं वाढते ना, तसं. पाइप बाहेरून चांगला दिसते आणि एक दिवस फुटते.

शीला : आमच्या बेसमेंटमदी फुटला व्हता. जानेवारीत.

नीरजा : तसंच. म्हणून दुखो की न दुखो, रोज सकाळी चहासोबत एक. दोन नाही. एकच. स्किप करायची नाही. उपासाच्या दिवशी पण.

शीला : उपासाला चालती?

नीरजा : चालते. साबुदाण्यासोबत चालते. आणि उरली म्हणून कोणाला पाठवायची नाही. बहिणीला आज फोन करा आणि सांगा, बंद कर म्हणावं.

शीला : विहिनीलाबी?

नीरजा : विहिणीला पहिले.

शीला : तिला तेवढं सांगायला जड जाईल. गुन आला म्हनती.

नीरजा : काकू.

शीला : सांगते बाई, सांगते.

नीरजा : आणि आज घरी गेल्याबरोबर सलोनीला सांगा की बसस्टॉपवर काय झालं. सोमवारची अपॉइंटमेंट घ्या, डॉक्टरला बीपी चेक करू द्या. त्याला पण खरं सांगायचं, की रोज नव्हती घेतली म्हणून. तो रागावत नाही. रागावला तर मला सांगा. आता तुम्ही मला सांगा, काय करणार?

शीला : मीच सांगू?

नीरजा : मला कसं कळेल नाही तर? ‘हो हो’ चालणार नाही.

शीला : सकाळी चहाबर एक. दुखो न दुखो. उपासालाबी. बहिनीला फोन, त्याच्या आधी विहिनीला. सलोनीला बसस्टॉपचं. सोमवारी डॉक्टर, आन खरं बोलायचं. आन पाइप.

नीरजा : झालं. शाबास.

शीला : एवढंच व्हतं व्हय ते? मी दोन वर्षं उगाच त्याला पोथी समजत व्हते. बाई, तुमी मोजायचं सोडलं का? पेन्सिल खाली पडलीय तुमची.

नीरजा : मी निघते, बाई. नंदन आणि केया खाली गाडीत आहेत, हीटर लावून बसले. मे महिन्याचा फॉर्म कुठे मिळेल तेवढं सांगा.

शीला : कशाला फॉर्म? बाई, तिनं काय मनचं विचारलं न्हाई. म्या म्हातारीनंच कागद सोडला. चष्मा धड न्हाई माझा.

मृणालिनी : मी समोर बसले होते, जगदाळेबाई.

शीला : तुमी तवा पेन्सिलीला टोक करत व्हता.

मृणालिनी : शाईचं पेन असतं तर काय सांगितलं असतंत? बसा, नीरजा. शंका आली की दुभाष्यानं आधी डॉक्टरची परवानगी घ्यायची, मग विचारायचं. तेवढं चुकलंत.

नीरजा : डॉक्टर तुम्हीच होता. दिली असती परवानगी?

मृणालिनी : नसती दिली.

नीरजा : तुम्ही खरं बोलल्या म्हणून बरं वाटलं मला.

मृणालिनी : वागण्याचे पाच कापते, परवानगी न घेतल्याबद्दल. पंधरा. शुद्धतेत शून्य. तो शून्य मी बदलणार नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. स्किप, टॅबलेट, अपॉइंटमेंट, चेक, पाइप, किती झाले ते मला मोजताही आले नाहीत.

शीला : पाइपला सूट द्या की.

मृणालिनी : नाही. अर्थाचे साठापैकी अठ्ठावन्न.

नीरजा : अठ्ठावन्न? दोन कशाचे गेले?

मृणालिनी : यांना ज्वारीचं पोतं केलंत त्याचे. बेरीज करा.

नीरजा : त्र्याहत्तर. बाई, त्र्याहत्तर होते हे.

मृणालिनी : होतात. उत्तीर्ण.

शीला : बस की खाली, पोरी. रडतीस कशाला? पास झाल्यावर का कुनी रडतं?

नीरजा : रडत नाही आहे. तीन वाजता शाळा सुटते तिची. मी कधी बघितलंच नाही कोणत्या दारातून बाहेर येते म्हणून.

शीला : जा, आधी खाली जाऊन सांग त्यांना. समोसे मी बघते तुमच्या वाटनीचे.

मृणालिनी : जाण्याआधी एक विचारते, नीरजा. जगदाळेबाईंना जे मी त्या दिवशी सांगितलं, ते मी दर गुरुवारी कोणाला ना कोणाला सांगत होते. बारा वर्षं. सगळ्या जणी समजलं म्हणायच्या. एकीनंही कधी उलट प्रश्न विचारला नाही. मला वाटायचं, मी किती स्वच्छ सांगते.

शीला : आवं, सगळ्या काय माझ्यासारख्या अडानी नसतात, बाई. कळलं असंल एखादीला.

मृणालिनी : एखादीला.

नीरजा : त्यांची नावं आहेत तुमच्याकडे?

मृणालिनी : घरी वही आहे. नाव, गाव, फोन नंबर. सगळं वळणदार अक्षरात लिहिलेलं. त्यातल्या किती असतील अजून, काय माहीत.

नीरजा : सोमवारी सकाळी बसू. दोघी.

मृणालिनी : माझ्याकडे या. फोन तुम्ही लावा. मी शेजारी बसेन. बोलणार नाही.